क्वाडवरचा थ्रॉटल कट-ऑफ: तो चालतो कसा, तपासायचा कसा

मोटरसायकलची रेस अडकली तर हात आपोआप मूठ पुढे फिरवतो आणि ती जबरदस्तीनं बंद करतो. बऱ्याच मोटरसायकलींना त्यासाठी दुसरी, परत ओढणारी केबलच दिलेली असते. क्वाडवर, म्हणजे एटीव्हीवर, ही सोय नाही. उजव्या मुठीपाशी अंगठ्यानं दाबायचा एक छोटा लिव्हर असतो आणि अंगठ्याला फक्त दाबता येतं. रेस द्यायचं काम अंगठ्याचं, रेस कमी करायचं काम सगळं स्प्रिंगचं. स्प्रिंग तुटली, केबल गंजली किंवा कार्बोरेटरची स्लाइड (आतली वरखाली सरकणारी, हवेची वाट उघडणारी झडप) घाणीनं धरली, की अंगठा उचलला तरी इंजिन ओरडतच राहतं. थ्रॉटल कट-ऑफ, म्हणजे अशा वेळी ठिणगी तोडणारा स्विच, या एका प्रसंगासाठी बसवलेला असतो.

मग सरळ मूठच का नाही दिली? खड्ड्याखळग्यांतून जाताना क्वाडवरचा माणूस सारखा पुढेमागे हलत असतो. झटका बसला की मनगट वळतं, मुठीची रेस वाढते, आणखी झटका बसतो. अंगठ्याचा लिव्हर झटक्यात सुटतो, त्यामुळे तोच बरा. फक्त त्याची ही एक बाजू लंगडी आहे.

आपल्याकडे क्वाड तीन प्रकारच्या लोकांच्या हातात दिसते: रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवणारे, उसाच्या किंवा फळबागेच्या रानात फवारणीला आणि सामान ओढायला वापरणारे, आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतः बग्गी बनवणारी पोरं. तिघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी कट-ऑफचं तत्त्व तिघांनाही कळायला हवं. कारण हा स्विच बिघडला की गाडी झटके खाते, बंद पडते, आणि मग गॅरेजमध्ये कोणीतरी हमखास म्हणतो, "मालक, काढून टाकूया की तो स्विच, कशाला कटकट?"

स्विच नक्की काय बघतो

रेस किती आहे, वेग किती आहे, याच्याशी कट-ऑफचं देणंघेणं नसतं. तो एकच गोष्ट बघतो: अंगठा काय म्हणतोय आणि कार्बोरेटर काय करतोय, यांत मेळ आहे का. अंगठा म्हणतो "बंद" आणि कार्बोरेटर उघडाच, असं झालं की तो ठिणगी तोडतो.

हे बघायच्या तीन पद्धती आहेत.

पहिली केबलच्या ताणावर चालते. पोलॅरिसच्या कार्बोरेटरवाल्या क्वाडमध्ये ही ईटीसी नावानं ओळखली जाते. लिव्हरच्या डबीत, केबलच्या वाटेवरच एक लहान स्विच बसवलेला असतो. कार्बोरेटरची स्प्रिंग केबलला कायम आपल्याकडे ओढत असते, त्या ताणानं स्विच दाबलेला राहतो आणि त्याचे संपर्क उघडे राहतात. तुम्ही रेस द्या, सोडा, अर्धी धरा, ताण कायम असतो, म्हणून स्विच गप्प असतो. आता समजा स्लाइड वरच अडकली. अंगठा सुटला, लिव्हर त्याच्या छोट्या स्प्रिंगनं जागेवर आला, पण पलीकडून केबल ओढणारं कोणी नाही. मधली केबल सैल पडते, स्विचवरचा दाब जातो, संपर्क जुळतात आणि सीडीआयची, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची, किल वायर बॉडीला, म्हणजे अर्थला, लागते. ठिणगी बंद, इंजिन बंद. केबल लिव्हरपाशी तुटली तरी हेच घडतं.

दुसरी पद्धत दोन स्विचांची. यामाहाच्या जुन्या क्वाड आणि स्नोमोबिलवर ही टीओआरएस म्हणून येते. एक स्विच लिव्हरपाशी, दुसरा कार्बोरेटरपाशी. लिव्हर सुटलाय असं पहिला सांगतो आणि स्लाइड आयडलला आलेली नाही असं दुसरा, म्हणजे काहीतरी अडकलंय. मग कंट्रोल युनिट ठिणग्या गाळायला लागतं आणि इंजिनचे फेरे क्लच धरतो त्याच्या खालीच रोखून ठेवतं. इंजिन पूर्ण बंद पडेलच असं नाही. ते थरथरत, फटफट करत राहतं. ज्याला हे माहीत नाही तो कार्बोरेटरचे जेट साफ करत बसतो.

तिसरी पद्धत नव्या, केबल नसलेल्या क्वाडची. लिव्हरमध्ये दोन सेन्सर असतात आणि दोघेही एकच गोष्ट वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये सांगतात. पुष्कळदा एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा असतो. थ्रॉटल बॉडीच्या मोटरवरही तशीच जोडी. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हे आकडे सतत पडताळत राहतो. हिशेब जुळला नाही की तो मोटरचा करंट काढतो, स्प्रिंग झडपेला जवळजवळ बंद अवस्थेत आणते आणि गाडी रखडत घरी जाण्यापुरती चालते. इथं वायर जोडून जुगाड करायचा नाही, एवढं सांगून हा प्रकार सोडतो. मल्टिमीटर आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल नसेल तर त्या डबीला हातच लावू नये.

त्याला काय दिसत नाही

माझ्या मते या सगळ्यात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि गाडी विकताना तो कोणी सांगत नाही.

लिव्हरच अडकला तर कट-ऑफ आंधळा असतो. जांभ्याच्या तांबड्या चिखलाचा गोळा लिव्हरच्या सांध्यात वाळला, पडून वाकलेला हँडगार्ड लिव्हरला टेकला, हातमोज्याचं टोक आत गेलं, तर केबल ताणलेलीच राहते. स्विचला वाटतं, चालकालाच रेस हवी आहे. इनटेकचा रबरी बूट चिरून हवा ओढायला लागला आणि त्यामुळे फेरे चढले, तरी केबल आणि लिव्हर दोन्ही जागेवरच असतात. स्विचला तक्रार करायला काही कारणच नाही.

तसंच, अंगठा दाबलेला असताना स्लाइड अडकली तर ते कळणार अंगठा सुटल्यावरच. आणि इंजिन बंद होणं म्हणजे ब्रेक लागणं नव्हे. बेल्टच्या ऑटोमॅटिक गाडीत फेरे उतरले की क्लच सुटतो. काही मॉडेल्समध्ये उतारावर गाडी मोकळी पळायला लागते. घाटात ठिणगी गेली तरी ब्रेक तुम्हालाच दाबायचे आहेत.

म्हणून डाव्या मुठीवरचा लाल किल स्विच आणि मनगटाला बांधायची दोरी, या दोन्ही गोष्टी कट-ऑफ असला तरी लागतातच. दोरी ओढली गेली की चालक पडला असं समजून इंजिन बंद होतं. रिसॉर्टवाल्यांनी दोरी नसलेली क्वाड पाहुण्याच्या हातात देऊच नये. लिव्हरच्या डबीवर बहुतेक लहान क्वाडला एक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर पूर्ण दाबला जात नाही. नवख्या माणसासाठी तो आत घ्यावा, पण त्याला कट-ऑफ समजू नये. तो फक्त रेसवर मर्यादा घालतो.

वायर तुटली तर?

कुठल्याही सुरक्षा स्विचला विचारायचा प्रश्न एकच: याची वायर तुटली तर गाडी बंद पडेल की चालूच राहील?

ताणावर चालणाऱ्या वरच्या पद्धतीत ठिणगी थांबते ती वायर अर्थला लागल्यावर. म्हणजे वायर मधेच तुटली तर गाडी झकास चालते आणि कट-ऑफ मेलेला असतो. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. उसाच्या रानातल्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. ट्रॅक्टरची वायर कुरतडली तर तो सुरू होत नाही आणि आपल्याला कळतं. क्वाडची ही वायर कुरतडली तर काहीच कळत नाही.

उलट्या पद्धतीत स्विच करंटच्या वाटेत मालिकेनं बसवलेला असतो. तिथं वायर तुटली की इंजिन सुरूच होत नाही. त्रासदायक, पण प्रामाणिक. आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते शोधायचा सोपा मार्ग: इंजिन बंद असताना कट-ऑफच्या स्विचचं कनेक्टर सोडवा आणि स्टार्ट मारून बघा. सुरू झालं तर अर्थ करणारी पद्धत, नाही झालं तर मालिकेची. बघून झालं की कनेक्टर लगेच परत लावा.

तपासणी: इंजिन बंद असताना

सपाट जागा, पार्किंग ब्रेक, चावी काढलेली.

लिव्हर पूर्ण दाबा आणि एकदम सोडा. तो टक्कन आवाज करून परत आला पाहिजे. हळूहळू, दमल्यासारखा येत असेल तर तपासणी तिथंच थांबवा, आधी केबल बघा. मग हँडल डावीकडे पूर्ण वळवून हेच करा, उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा करा. केबलची वाट चुकली असेल तर एका बाजूला लिव्हर जड लागतो.

आता मोकळा खेळ मोजा. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यापासून केबल ओढायला लागेपर्यंत लिव्हरचं टोक जेवढं हलतं तो मोकळा खेळ. पोलॅरिसच्या जुन्या मॉडेल्सना तो साधारण १.५ ते ३ मिलिमीटर सांगितलेला असतो. इतर बऱ्याच क्वाडना ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

हा आकडा कट-ऑफच्या मुळाशी आहे. खेळ फार कमी ठेवला तर हँडल वळवल्यावर केबल ताणली जाते आणि रेस आपोआप चढते. फार जास्त ठेवला तर आयडलला केबल सैल पडते, स्विचवरचा ताण जातो आणि काहीही अडकलेलं नसताना इंजिन तुटक चालतं. गॅरेजमध्ये "सीडीआय गेलाय" म्हणून आलेल्या गाडीचं दुखणं कधीकधी एवढंच असतं: कोणीतरी केबलचा अॅडजस्टर फिरवलेला. आधी रबराचं टोपण सरकवून लॉक नट सैल करा, अॅडजस्टर अर्धा-अर्धा आटा फिरवा, प्रत्येक वेळी लिव्हर दोन-तीनदा दाबून मगच मोजा, शेवटी लॉक नट घट्ट. आयडलचा स्क्रू आणि केबलचा अॅडजस्टर यांची गल्लत करू नका. केबल सैल आहे म्हणून आयडल वाढवणं हा अनेकांचा आवडता उपाय आहे आणि तो चुकीचा आहे.

तपासणी: इंजिन चालू असताना

हे काम दोघांनी करावं. एक जण लाल किल स्विचवर बोट ठेवून उभा. गाडी न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना पुढेमागे दगड किंवा लाकडी ओंडका, समोर भिंत किंवा माणूस नाही. शेडचं दार उघडं, नाहीतर धूर कोंडतो.

सगळ्यात आधी किल स्विच वापरूनच इंजिन बंद करून बघा. तो चालत नसेल तर पुढची चाचणी करायचीच नाही. मग दोरी ओढून बघा.

ताणावर चालणाऱ्या गाडीत लिव्हरच्या डबीचं झाकण काढा. इंजिन आयडलला येऊ द्या. लिव्हर किंचित दाबून फेरे थोडेसे चढवा. स्विचच्या पलीकडे, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या बाजूला आतली केबल बोटांनी घट्ट धरून ठेवा आणि लिव्हर सोडा. केबल अडकल्याचं हे नाटक आहे. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे किंवा मॉडेलप्रमाणे अडखळत खाली आलं पाहिजे. पक्कडीनं धरू नका, केबलच्या तारा चेपतात आणि पुढं तिथूनच तुटतात.

दोन स्विचांच्या गाडीत प्रत्येक स्विच वेगळा तपासावा लागतो. कनेक्टर सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, स्विच हातानं दाबा-सोडा आणि बीप येते का, जाते का ते पाहा. बीप अडखळत असेल तर संपर्क काळे पडलेत. काही मॉडेल्समध्ये पार्किंग ब्रेकचा स्विचही याच सर्किटमध्ये असतो: ब्रेक लावलेला असताना फेरे वाढू नयेत म्हणून. ब्रेक सोडला तरी त्याचा स्विच अडकून राहिला, तर गाडी एका ठरावीक आवाजापलीकडे जातच नाही. कार्बोरेटर खोलण्याआधी तो बघा.

झटके खाणारी गाडी

लक्षणावरून बराच अंदाज येतो. फक्त खड्ड्यात आदळल्यावर इंजिन क्षणभर तुटत असेल तर केबल सैल आहे किंवा स्विच डबीत हलतोय. हँडल वळवल्यावर तुटत असेल तर हँडलच्या मानेपाशी वायर चेपलेली असते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सुरू होत नसेल आणि उन्हात दोन तास ठेवल्यावर चालत असेल, तर डबीत पाणी आहे. जून ते सप्टेंबर गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला गाडी वापरणाऱ्यांना हा तिसरा प्रकार चांगला परिचयाचा असेल. प्रेशर वॉशरची धार लिव्हरच्या डबीवर आणि हँडलच्या कनेक्टरवर सरळ मारायची नाही; तिथं बादली आणि फडकं पुरतं. पाणी गेलंच तर झाकण काढून हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस थोडं लावा.

अर्थ करणाऱ्या पद्धतीच्या गाडीत कट-ऑफचा कनेक्टर सोडवून इंजिन नीट चालतंय का हे बघता येतं. हे निदानासाठी, चाकं अडवून, उभ्या गाडीवर, दोन मिनिटांसाठी. चाललं तर दोष स्विचमध्ये, केबलच्या ताणात किंवा त्या वायरीत आहे, आणि तुमचा शोध निम्मा संपला. गोंधळ इथूनच सुरू होतो: गाडी चालली, आनंद झाला, कनेक्टर चिकटपट्टी लावून तसाच सोडला आणि महिन्यानं गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेली. त्या माणसाला वाटतं गाडीला कट-ऑफ आहे. तो स्विच फार महागडा भाग नाही. मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा.

केबल आणि स्लाइड

कट-ऑफला काम पडूच नये असं वाटत असेल तर इथं लक्ष द्या. अडकण्याची बहुतेक कारणं याच दोन जागी असतात.

केबलची दोन्ही टोकं, जिथं निपल (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) बसतं तिथं, भिंगातून बघा. एक जरी तार सुटून उभी राहिली असेल तर केबल बदला. ती तार बाहेरच्या आवरणाच्या तोंडाशी आडवी फसते आणि रेस उघडीच राहते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुचाकीच्या केबलला नवं निपल लावून हुबेहूब केबल करून देणारी माणसं सापडतील, हातही चांगला असतो त्यांचा, पण ताणावर चालणाऱ्या कट-ऑफला बाहेरच्या आवरणाची लांबी तंतोतंत लागते. पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर अॅडजस्टर संपतो, खेळ बसत नाही. त्याच मॉडेलची केबल मागवणं परवडतं.

केबलमध्ये जाड ग्रीस भरू नका. त्याला धूळ चिकटते आणि उन्हाळ्यात त्याची लापशी होते. केबलसाठी मिळणारं पातळ वंगण वरच्या टोकातून, खालच्या टोकाला स्वच्छ थेंब येईपर्यंत सोडा. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या काही केबलना वंगण लावायचंच नसतं, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइडच्या अंगावर एक खाच असते आणि आत एक पिन. साफसफाईनंतर खाच पिनवर न बसवता झाकण आवळलं तर स्लाइड वरच राहते आणि पहिल्याच किकला इंजिन किंचाळतं. म्हणून झाकण लावल्यावर इंजिन सुरू करण्याआधी लिव्हर दाबून सोडा आणि स्लाइड तळाला टेकल्याचा ठक आवाज ऐका. फाटक्या एअर फिल्टरमधून गेलेली बारीक माती स्लाइड आणि भिंतीच्या मधे बसते. फिल्टरच्या पैशात कंजुषी केली की ती अशी भरावी लागते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून चिकट थर धरतो. पंपावरच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते इथेनॉलसकट तळाला बसतं. आपल्याच उसाचं इथेनॉल असलं तरी गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून ठेवा.

रानात वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीचं: पाचटातून गाडी फिरवली की सुकी पानं कार्बोरेटरभोवती, केबलच्या वळणात आणि सायलेन्सरपाशी अडकतात. रेसचा धोका आहेच, आगीचाही आहे. हातानं काढा, दर वेळी.

बग्गी बनवणाऱ्यांसाठी

बाहा या कॉलेजच्या पोरांच्या बग्गी-स्पर्धेतल्या बग्गीत अंगठ्याचा लिव्हर नसतो, पायाचं पेडल असतं. तरी पेडलसुद्धा फक्त दाबता येतं, ओढता येत नाही, म्हणून प्रश्न तोच. पेडलला वेगळी परत आणणारी स्प्रिंग द्या, कार्बोरेटरला वेगळी. एक तुटली तरी दुसरी पुरली पाहिजे. पेडलखाली पक्का स्टॉपर हवा, नाहीतर जोशात चालकाचा पाय केबलच ताणून तोडतो. किल स्विच दोन लागतात, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरच्या माणसाला पोचेल असा. छोट्या मॅग्नेटो इंजिनात दोन्ही स्विच इग्निशन कॉइलच्या प्रायमरी वायरीला अर्थ करूनच ठिणगी बंद करतात. वर विचारलेला प्रश्न आठवा: वायर तुटली तर स्विच मुका. तांत्रिक तपासणीच्या आदल्या रात्री एकदा दाबून बघितलं म्हणजे झालं, असं नाही. गाडी प्रत्येक वेळी बंद करायची ती किल स्विचनंच, एकदा आतल्या, एकदा बाहेरच्या. म्हणजे चाचणी वेगळी करावीच लागत नाही. ही सवय क्वाड वापरणाऱ्या प्रत्येकाला चालेल.

चालत्या गाडीत रेस अडकली तर

अंगठा लिव्हरवरून पूर्ण उचला. कट-ऑफला जागं होण्यासाठी तेवढंच लागतं. त्याच वेळी डाव्या अंगठ्यानं लाल स्विच आणि दोन्ही ब्रेक. कट-ऑफ काम करतोय का, याची वाट बघत बसू नका. चावी शोधायला हँडलवरचा हात सोडू नका. गाडी थांबेपर्यंत हँडल सरळ ठेवा, कारण क्वाड वेगात एकदम वळवली तर उलटते.

थांबल्यावर "बघू, सुटली असेल" म्हणून पुन्हा स्टार्ट मारू नका. आधी लिव्हरचा सांधा, मग केबलची दोन्ही टोकं, मग कार्बोरेटरकडची बाजू बघा. कारण दिसलं आणि जागेवर निघालं, जसं चिखलाचा गोळा किंवा अडकलेली काडी, तर बंद इंजिनवर लिव्हर दहा-बारा वेळा दाबून, प्रत्येक वेळी टक्कन परत येतोय याची खात्री करून मगच निघा. कारण दिसलं नाही तर न्यूट्रलला टाका आणि दोरी लावून, माणसाच्या चालीनं ओढत आणा. ओढताना क्वाडवर ब्रेक धरणारा एक जण बसलेला असू द्या.